संत्र्याच्या दोन ओळींमधली पट्टी

आमच्या नात्यागोत्यात माझी एक ओळख पडली आहे. संत्र्याच्या फुलासाठी सख्ख्या बहिणीचं पाणी तोडणारा माणूस. लग्नाच्या मांडवात मी आलो की दोन-चार बायका एकमेकींकडे बघतात, ते मला दिसतं. तोंडावर कोणी बोलत नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, मी उत्तर दिलं असतं. म्हणून आता जे घडलं ते लिहून काढतो. यात माझी बाजू आहे. जिथे नाही, तिथेही काही झाकणार नाही.

आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या आदल्या हिवाळ्यातली ही गोष्ट. माझं घर वर्ध्याच्या शेवटच्या गल्लीत, सावंगीकडे जाणाऱ्या वाटेवर होतं. घरामागे विहीर आणि विहिरीला लागून थोडी काळी जमीन. बाकीचा परस मुरमाड. त्यात कुदळ मारली की हातालाच झिणझिण्या येत. घर मला कोणाच्या वारशानं मिळालेलं नव्हतं. सरकी काढायच्या जिनात कापसाचे बोरे उचलले, मग दुसऱ्याच्या बैलबंडीवर फळांच्या पेट्या वाहिल्या, मग स्वतः संत्र्याचे बगीचे घेऊ लागलो. फळ झाडावर हिरवं असतानाच बगिच्यातून फिरायचं, नजरेनं अंदाज बांधायचा आणि शेतकऱ्याशी भाव तोडून तो बहार आपल्या नावावर करायचा, असा तो धंदा. माझी नजर सहसा चुकत नसे आणि घासाघीस करताना मी कोणाला हार गेलो नाही. मात्र सगळं दुसऱ्याच्या झाडांवर. म्हणून घर घेतलं त्याच पावसाळ्यात मी त्या काळ्या जमिनीत संत्र्याची बारा कलमं लावली, सहा-सहाच्या दोन ओळींत. माझी म्हणावीत अशी तेवढीच झाडं.

बहीण माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मी तिला बाई म्हणत असे. तिचा नवरा वारला, मूलबाळ नव्हतं, आणि ती सेलूजवळच्या एका खेड्यात दिराच्या घरी राहत होती. एकदा सेलूच्या बाजारात ती मला दिसली. डोक्यावर कडब्याचा भारा, पाय अनवाणी, आणि दीर दहा पावलं पुढे हात हलवत चाललेला. मी तिथेच त्याची गचांडी धरली. बाजार गोळा झाला. त्याच दिवशी बाईला बंडीत बसवून मी घरी आणलं. ही गोष्ट मांडवातल्या बायका एकमेकींना सांगत नाहीत.

मागची खोली तिला दिली. पहिल्याच हिवाळ्यात तिनं संत्र्याच्या दोन ओळींमधली पट्टी मागितली. झाडं तेव्हा कमरेएवढी होती. मी म्हटलं, घे, ती तुझी.

तिच्या हाताला काय होतं कोण जाणे. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, गाजरं, लसणाच्या दोन सरळ ओळी, वांगी, आणि विहिरीच्या बाजूनं काटक्यांच्या मांडवावर पोपटीच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांचा वेल. पौषात पहाटे उठून बाहेर आलं की विहिरीवर वाफ दिसायची. हिवाळ्यात विहिरीचं पाणी कोमट असतं. बाई सूर्य निघायच्या आधी वीस-पंचवीस बादल्या ओढून दांडात ओतायची आणि मग चिखलात उभं राहून पायानं पाणी वळवायची. तिच्या टाचा इतक्या उलल्या होत्या की रात्री ती त्यांत मेण भरत असे. माझी बायको म्हणायची, बाजारात ढिगानं भाजी मिळते, कशाला एवढं? बाई नुसती हसायची.

कशाला, ते वर्षातून एका सकाळी दिसायचं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला कोणी बोलावत नसे. ती विधवा होती, त्यामुळे माझ्या स्वतःच्या घरी बायका जमत तेव्हासुद्धा ती मागच्या खोलीत बसे. पण वाणाच्या मातीच्या बोळक्यांत भरायला गाजरं, शेंगा, बोरं लागतात, भोगीला मिसळीची भाजी लागते, आणि अख्ख्या गल्लीत तशी ताजी भाजी एकाच परसात होती. भोगीच्या दिवशी सकाळी बायका ताटं आणि टोपल्या घेऊन मागच्या दारानं यायच्या. बाई प्रत्येकीला हातानं तोडून द्यायची. कोणाची सून बाळंतीण आहे, कोणाला वांगं चालत नाही, हे तिला पाठ असे. तास-दीड तास परसात हसणं-बोलणं चाले. त्या तासाभरात ती कोणाच्या आश्रयाला राहणारी बाई नसे. लोक तिच्याकडे मागायला आलेले असत. त्या एका सकाळसाठी ती चार महिने राबत असे. मला हे कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळत होतं. झाडांपुढे ते लहान वाटत होतं.

झाडं पाच वर्षांची झाली आणि फुलं आली नाहीत. सहाव्या वर्षी चार-दोन फांद्यांवर आली तेवढीच. माझ्या झाडांची मलाच लाज वाटू लागली. एका म्हाताऱ्या बगीचेवाल्याला मी दाखवायला आणलं. त्यानं झाड पाहिलंच नाही, खाली जमीन पाहिली.

"हे भाजी कोन लावते?"

"माही बहीन."

"मंग फूल काऊन येईन? तू झाडाले ताणावर सोडलंच कुठं? भर हिवाळ्यात त्याच्या बुडात रोज पानी. ते नुसतं पानंच काढत राहीन."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. दुसऱ्यांच्या बगिच्यांत मी दरवर्षी पाहत होतो. आमच्याकडे संत्र्याला आंब्या बहार, म्हणजे हिवाळा सरताना येणारं फूल, घ्यायचा तर हिवाळ्यात दीड-दोन महिने त्याचं पाणी पूर्ण बंद करतात. बुडाशी खोदून मुळ्या उघड्या टाकतात. दुपारी पानं माना टाकतात, मग पिवळी पडतात, काही गळतात. झाड मरतं की काय असं वाटायला लागतं तेव्हा खत घालून पाणी सोडायचं. मग ते फुलतं. मनाला कितीही वाईट वाटलं तरी मध्ये पाणी द्यायचं नाही, यावरच सगळं अवलंबून.

मार्गशीर्षात मी बाईला विहिरीवर गाठलं.

"बाई, आजपासून पट्टीले पानी बंद."

तिनं ओढता दोर तसाच धरून ठेवला. "केव्हालोक?"

"वसंतपंचमीलोक."

"मंग संक्रांत?"

"संक्रांतीले बाजारातून आनून देतो. टोपलंभर आनतो. वाटजो सगळ्याइले."

"विकतचं वाटून काय करू, बाबू? ते त्याइचे नवरे बी आनतेत."

"झाडं पाह्यली का माही? सात वर्षं झाले."

"पाह्यतो ना. तुह्याहून जास्त मीच पाह्यतो." मग ती हळू आवाजात म्हणाली, "संक्रांत होऊ दे. दुसऱ्या दिवशी मीच दोर काढून तुह्या हातात देतो."

"तवर थंडी सरते. मंग ताण देऊन काई उपेग नाई."

"मंग एक कर. मेथी, पालक जाऊ दे, गाजर जाऊ दे. पोपटीचा वेल अन् आठ वांगे ठेव."

मी नाही म्हटलं. ती चार वांग्यांवर आली. मी नाही म्हटलं. शेवटी मी मोरीचं पाणी तिला दिलं. न्हाणीचं जे पाणी केळीत जाई, ते तिनं मुरमाच्या बाजूला हवं तिथे न्यावं. त्या दगडी मुरमात काही उगवत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी ती म्हणाली, "बरं, इहिरीचं पानी बंद." आणि ओढलेली बादली तिनं पुन्हा विहिरीत सोडून दिली.

त्यानंतर परसात बघवत नव्हतं. पंधरा दिवसांत मेथी वाळली. पालकाची पानं कागदासारखी झाली. संत्र्याच्या मुळ्या उघड्या पडलेल्या, जमिनीला भेगा, आणि सकाळी त्या सगळ्यावर धुकं. मी रोज झाडांची पानं हातात घेऊन दुमडून बघायचो. बाई मागच्या दारात बसून तांदूळ निवडायची. आमचं बोलणं कमी झालं.

संक्रांतीला आठ-दहा दिवस राहिले असतील. एका दुपारी माझ्या लक्षात आलं की सगळी पट्टी मेलेली असताना पोपटीचा वेल उभा आहे. नुसता उभा नव्हता, त्याला शेंगा धरल्या होत्या. चार वांगीही ताठ. बुडाशी माती मात्र कोरडी, पिठासारखी. मी बोट खुपसलं. वरची दोन बोटं धूळ आणि खाली ओल.

मी आयुष्यभर शेतकऱ्यांच्या बगिच्यात अशीच बोटं खुपसत आलो होतो. घेणारा यायच्या आधी फळ टपोरं दिसावं म्हणून बगीचा भिजवून वर कोरडी माती पसरणारे मी कितीतरी पाहिले आणि प्रत्येकाला पकडलं. माझ्या घरात, माझ्याच बहिणीनं मला तसं फसवावं, हे माझ्या डोक्यात गेलं. मी तिथूनच हाक मारली. ती आली.

"हे काय व्हय?"

"काय?"

"पानी कोनं टाकलं?"

"म्या टाकलं." तिनं खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. "म्या म्हनलं होतं, इहिरीचं पानी बंद. तुह्या इहिरीचा एक थेंब नाई घेतला. शेजारच्या इहिरीहून दोन घागरी आनतो रोज. लोट्यानं टाकतो, बुडापुरतं. तुह्या झाडाइले नाई पोचत ते."

"मले शिकवून राह्यली का कुठलोक पोचते ते?"

"शिकवत नाई. सांगतो. चार झाडं हायेत, बाबू."

शेजारचे भिंतीवरून बघत होते. मला अजून आठवतं, मला तिच्या पाण्याचा राग कमी आणि त्या वर पसरलेल्या कोरड्या मातीचा राग जास्त आला होता. मी कुदळ उचलली आणि पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खणून टाकली. वेल उपटायचा माझा विचार नव्हता. खणताना मुळं तुटली. मांडव कलला आणि आडवा झाला. बाई मध्ये आली नाही, रडली नाही. मी खणून थकलो तेव्हा ती पुढे झाली, पडलेल्या वेलाच्या कोवळ्या शेंगा ओच्यात वेचल्या आणि आत गेली. त्या रात्री जेवणात त्याच शेंगांची भाजी होती. मी ती खाल्ली.

भोगीच्या सकाळी बायका आल्या. मला वाटलं होतं त्यांना कळलेलं असेल, येणार नाहीत. काहींना कळलेलं नव्हतं. काहींना कळलं होतं म्हणूनच आल्या असाव्यात. मी ओसरीत चहा पीत होतो. मागचं दार उघडं होतं.

"अवो बाई, हे काय? वावरावानी नांगरून ठेवलं काय सगळं?"

बाई म्हणाली, "यंदा कीड पडली वो. एकदमच गेलं सगळं."

मग कोपऱ्यावरच्या घरची म्हातारी, जिची जीभ गल्लीत प्रसिद्ध होती, म्हणाली, "कीड दिसून राह्यली ना मले. ओसरीत बसून चहा पिऊन राह्यली."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. बाई हसली नाही. "तसं नोका बोलू, मावशी," ती म्हणाली. "जा, बाजारात लवकर जा, मंग गाजरं नाई भेटत." आणि तिनं एकेकीला हळूहळू दाराबाहेर वाटेला लावलं. ताटं रिकामीच परत गेली. ती माझ्यासाठी खोटं बोलली होती. त्याबद्दल मी तिचे आभार मानायला हवे होते. मला उलट असं वाटलं की तिनं मला सगळ्यांसमोर लहान केलं.

संक्रांत झाली. दोन दिवसांनी दुपारी आभाळ भरून आलं. पौषात आमच्याकडे असं कधीकधी येतं. आधी वारा सुटला, मग थोड्या गारा, मग पाऊस. संध्याकाळपर्यंत तो चांगला जमून पडला. मी छत्री न घेता परसात उभा होतो. संत्र्याच्या उघड्या मुळ्यांच्या खड्ड्यांत पाणी साचत होतं. चार-पाच आठवडे झाडं तहानेली ठेवली ती आता पोटभर पाणी पीत होती, आणि मी एकही थेंब अडवू शकत नव्हतो. बहार गेला. आता नुसती पालवी फुटणार, हे मला तिथेच कळलं.

बाई मागच्या दारात उभी होती. "आत ये," ती म्हणाली. "भिजशीन."

"तुले बरं वाटलं असन."

तिनं माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. "नाई रे," ती म्हणाली. "काऊन बरं वाटन?"

आठवड्याभरात तिनं सेलूच्या बाजाराला जाणाऱ्या कोणाजवळ तरी दिराकडे निरोप पाठवला. तो बंडी घेऊन आला, ज्याची गचांडी मी धरली होती तोच. माझ्या दारात उभा राहून तो पान खात होता. बाईचं सामान एका गाठोड्यात मावलं. सौदा करताना मी कधी आधी तोंड उघडत नसे, समोरच्याला बोलू द्यायचो, आणि त्या दिवशीही मी तसाच गप्प बसलो. मनात होतं, तिनं म्हणावं की बाबू, जाऊ का, मग मी म्हणेन, काऊन जाते. तिनं पदर सारखा केला, गाठोडं बंडीत ठेवलं, उगाच पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं. माझ्या बायकोशी बोलली. मी ओसरीच्या खांबाला टेकून उभा होतो. शेवटी ती म्हणाली, "येतो, बाबू." मी दिराला म्हटलं, "पवनारच्या उतारावर बैलं सांभाळून घेजो." एवढंच बोललो.

फाल्गुनात झाडांना हिरवीगार पालवी आली. फुलं बोटांवर मोजण्याइतकी. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. पुढच्या हिवाळ्यात मी स्वतः पट्टीत मेथी टाकली. दाट उगवली, विरळ करायचं मला माहीत नव्हतं, पिवळी पडून बसली. पोपटीचे दाणे टाकले, ते उगवले पण मांडवावर चढले नाहीत, जमिनीवरच पसरले. सकाळी पाणी ओढताना दोर हाताला कापायचा. पाच-सहा बादल्यांत माझा दम जाई. मी झाडांना त्या वर्षी ताण दिला नाही. कोणासाठी ते मी स्वतःशीही बोललो नाही.

संक्रांतीच्या चार दिवस आधी मी सायकलीनं सेलूच्या रस्त्याला लागलो. दिराच्या घरी पोचलो तेव्हा बाई गोठ्यात शेण भरत होती. वाळली होती. मला पाहून तिनं हात धुतले, पाण्याचा लोटा आणून दिला, आणि आम्ही गोठ्याच्या भिंतीला टेकून उन्हात बसलो.

मी या वेळी आधी बोललो. "घरी चाल, बाई."

तिनं रिकामा लोटा उचलून बाजूला ठेवला.

"पट्टी तुही. इहीर तुही. झाडाइचं मी पाह्यतो काय करायचं ते."

"पट्टी पयले बी माहीच होती ना?"

"आता बंद नाई करत."

"पुढच्या साली फूल नाई आलं तं?"

"नाई करत म्हनलं ना."

ती थोडा वेळ नखानं जमीन उकरत बसली. मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "लिहून देशीन?"

मला वाटलं ती गंमत करते. ती गंमत करत नव्हती.

"पट्टीचं पानी बंद नाई करनार, असं कागदावर लिहून दे. सही कर. मी आत्ता चालतो तुह्यासंगं."

वर्ध्यापासून काटोलपर्यंत माझे सौदे तोंडी शब्दावर चालत. बगीचेवाले माझं तोंड बघून अख्खा बहार माझ्या हवाली करत. मी उठलो. "सख्ख्या भावाले कागद मांगते?" असं काहीसं बोललो. आणखीही बोललो, ते इथे लिहीत नाही. ती भिंतीला टेकून बसूनच होती. तिनं आवाज चढवला नाही. "मंग राहू दे, बाबू," ती म्हणाली. "इथं मले कोनी काई देतो म्हनत नाई, म्हून शब्द तोडाचा बी सवाल नाई."

माझ्या सदऱ्याच्या खिशात पेन्सिल होती. बगिच्यांत फिरताना लागते म्हणून नेहमी असायची. चार शब्द लिहायला कितीसा वेळ लागला असता. मी सायकल काढली.

परतीच्या वाटेवर मी तिच्याशी भांडत आलो. मोठ्यानं. मी तुला त्या बाजारातून उचलून आणलं, मी खोली दिली, मी पट्टी दिली, कोणी दिलं असतं? माझ्या प्रत्येक बोलण्यावर ती काय म्हणेल ते मीच म्हणायचो आणि त्याला उत्तरही मीच द्यायचो. बंड्यांवरची माणसं वळून बघत होती. पवनारचा पूल आला तेव्हा तिच्याजवळ बोलायला काही उरलं नव्हतं. मी उतरून धाम नदीच्या पाण्याकडे बघत थोडा वेळ उभा राहिलो, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.